दोऱ्याखालचे बोट

पस्तीस वर्षे शाळेत फळ्यापुढे उभा राहिलो. त्या उभे राहण्याची खूण पायांवर उमटली. उजव्या घोट्यापासून पोटरीपर्यंत निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचे जाळे पसरले. एकदा आंघोळ करताना त्यातली एक फुटली आणि मोरीतले पाणी लाल झाले. तेव्हा परभणीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बारीक सुईने शिरांमध्ये औषध सोडले आणि पायावर मांडीपर्यंत घट्ट मोजा चढवला.

त्यांनी सांगितले ते असे. पाय आधी अधिक वाईट दिसेल, मग बरा. काळेनिळे डाग पडतील, खाज येईल, शिरांच्या जागी गाठी हाताला लागतील, घाबरायचे नाही. शेकायचे नाही, तेल चोळायचे नाही, उन्हात पाय उघडा ठेवायचा नाही. मोजा आंघोळीपुरताच काढायचा. रोज चालायचे, अर्ध्या तासाहून अधिक एका जागी बसायचे नाही. आणि एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली किंवा दम लागला, तर कशाचीही वाट न पाहता यायचे. हे शेवटचे ते दोनदा बोलले. पत्नी शेजारीच बसली होती.

चौथ्या दिवशी पाय सडक्या वांग्यासारखा दिसू लागला. पत्नीने नजर लागल्याचे ठरवले आणि घोट्याला काळा दोरा बांधला. मी विज्ञान शिकवलेला माणूस. तरी पाय मागे घेतला नाही. आत बोट जाईल इतका सैल बांध, एवढेच म्हणालो. पुढे रोज आंघोळीच्या वेळी मोजा उतरला की ती बोट घालून पाही.

दहाव्या दिवशी ताडकळसला भाचीच्या सोयरिकीची बैठक होती. तिला वडील नाहीत. बोलणी मामाने करायची. आमच्याकडे बैठकीतला थोरला माणूस सुपारी फुटेपर्यंत उठत नाही. तो उठला की सोयरीक मोडली, असे समोरचे धरतात. पाहुणे येण्यापूर्वी तिच्या भावाची, माझ्या भाच्याची, नजर धोतराखालच्या मोज्यावर गेली.

"मामा, पाहुणे हासतील. बायकांचे मोजे वाटायलेत."

मी मोजा काढून पिशवीत टाकला. चूक माझी, त्याची नव्हे.

चार तास मांडी घालून बसलो. मुलीच्या नोकरीवर बोलणी अडली, सुटली, पुन्हा अडली. पोटरीत आतून कोणी पीळ घालत असल्यासारखे वाटत होते. उठलो नाही. अखेर सुपारी फुटली. उभा राहिलो तेव्हा पाय माझा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने दोऱ्याखाली बोट घातले. गेले नाही. दोरा कातडीत रुतला होता. मोजा काढल्याने थोडी सूज असेल, संध्याकाळपर्यंत उतरेल, असे मी म्हणालो. ती हात पुसत उठली.

"मग डॉक्टरनं दोनदा कशाला सांगितलं? चला."

सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी दिसली. सुटली असती तर छातीत जाऊन अडकली असती. डॉक्टरांनी कात्रीने दोरा कापला आणि मोजा किती वेळ काढला होता, ते विचारले. मी खरे सांगितले. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. वरच्या शिरा मावळल्या. त्यांच्या जागी चहाच्या ओघळासारख्या तपकिरी रेघा राहिल्या. त्या जायला वर्षभर लागेल म्हणतात. गुठळीविषयी तितक्या ठामपणे कोणी बोलत नाही. लग्न तोंडावर आले आहे. मांडवात मी मोजा घालूनच वावरेन, हे भाच्याला कळवले आहे.

परभणीहून आल्यावर पत्नीने नवा दोरा काढला. या खेपेस मी पाय आपणहून पुढे केला. रोज सकाळी ती बोट घालून पाहते. मी पायाकडे पाहत नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहतो.

आज बोट गेले. कालच्यापेक्षा जरा अडून गेले.