वाढत्या डोळ्याचं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती स्वतः डॉक्टर आहे, तिला एका वाक्यात कळलं असतं. म्हणूनच नाही.

मी जळगावात डोळ्यांची ऑपरेशनं करतो. मोतीबिंदूत माझा हात धरणारं कुणी नाही, अशी शेखीही मिरवतो. म्हाताऱ्यांच्या मोतीबिंदूत! एरंडोलची चार वर्षांची गौरी आली, एका डोळ्यात जन्मापासूनचा मोतीबिंदू — आणि मी काय केलं? तेच. म्हाताऱ्याला बसवतो तसं, त्या दिवशीच्या डोळ्याच्या अचूक मापाचं भिंग बसवून मोकळा झालो. लहान मुलाचा डोळा वाढतो. भिंग मुद्दाम थोडं कमी नंबरचं बसवायचं, उरलेलं चष्म्यावर भागवायचं, डोळा वाढेल तसा चष्मा बदलत राहायचा — हे मला माहीत नव्हतं? होतं. पण मला दुसऱ्याच दिवशी, पट्टी काढल्याबरोबर, चष्म्याशिवाय बघणारी मुलगी हवी होती. वाहवा हवी होती.

आणि संताप कशाचा येतो, सांगू? तिच्या आईने विचारलं होतं. शाळेचे गणवेश शिवणारी बाई, पोरं वाढणार म्हणून शिलाईत कापड दाबून ठेवणारी. "डॉक्टरसाहेब, पोर वाढी, डोया बी वाढी. मंग हाई भिंग तिले पुरी का?" मी हसलो. म्हणालो, "ताई, तुम्ही शिवणाचं बघा." वर सांगितलं — चष्मा नको, सारखं दाखवायला आणायचीही गरज नाही.

आठ वर्षांनी ती गौरीला घेऊन आली. चांगला डोळा झाकला की मुलीला फळा दिसत नव्हता. डोळा वाढला होता, मोठा उणे नंबर आला होता, आणि इतकी वर्षं चष्म्याविना गेल्याने तो डोळा बघायचंच विसरला होता. आता कुठलाही नंबर लावा, पुसटच. जुना कागद माझ्या हातात होता — भिंगाचा नंबर, खाली माझी सही. मी तो पालथा ठेवला आणि म्हणालो, "मोबाईल दिला असेल. आणि इतकी वर्षं आणलं का नाही हिला?"

आणू नका म्हणणारा कोण होता? मी! किती नीच असावं माणसाने?

त्या बाईने माझ्यासमोर स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. गौरी रडायला लागली. "चुकनं मनं, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली.

आणि मी, मोठ्या मनाने, म्हणालो — असू द्या.