चिंचवाडी यात्रा तारीख

कवठे महांकाळच्या बाजारपेठेत मायाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. बागायतदार येवो नाहीतर मेंढपाळ, माया सगळ्यांना एकाच मापानं बोलते. त्या दुपारी चिंचवाडीचा सिद्धू खरात तिच्यापुढं मोबाईल नाचवत उभा राहिला.

"बघ गं. ‘आपलं गाव’ टाकलं की पयला माझाच ब्लॉग येतोय. पयला!"

"तुमच्या मोबाईलवर येणारच की दादा. दिवसभर तुमीच उघडून बसता. गुगल म्हणतंय, ह्या बाबाला हेच आवडतंय, द्या त्याला."

तिनं आपल्या कॉम्प्युटरवर ‘चिंचवाडी’ टाकलं. पुण्याकडच्या कुठल्यातरी चिंचवाडीतले प्लॉट आले. मग फ्लॅट आले. मग निळ्या पाण्याचा तलाव आणि त्याच्या काठाला खुर्च्या. पान उलटलं, पुन्हा प्लॉट. सिद्धूच्या ब्लॉगचा कुठं मागमूस नव्हता.

"गेलं तुझं गुगल खड्ड्यात!" म्हणून सिद्धू तरातरा बाहेर पडला. त्याचा राग असाच, वाळल्या कडब्यासारखा. भडकायला काडी लागायची नाही आणि विझल्यावर हाताला राखच. स्टँडपर्यंतही गेला नाही, तिथूनच माघारी आला.

"मग त्याला दिसणार कसं?" दारातूनच विचारलं त्यानं.

"कुणाला?"

सिद्धू दारातच घुटमळला. मायानं खुर्ची पुढं सरकवली, तेव्हा सांगितलं.

धाकटा भाऊ कृष्णात. विट्याच्या एका गलाईवाल्याच्या हाताखाली तो सेलमला गेला, सोनं गाळायचं काम शिकला, स्वतःचं दुकान टाकलं. तिथलीच पोरगी केली. तिला घेऊन देवाच्या पाया पडायला गावी आला, तर सिद्धूनं देवळाच्या पायरीवर, चार माणसांत, हात आडवा केला. "हिनं आमच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई." हा तोच सिद्धू, चराऊ रानासाठी तहसीलवर मोर्चे नेणारा, माणसामाणसांत भेद नको म्हणून घसा फोडणारा. कृष्णात मागं वळला. बायकोचा हात धरून आल्या वाटेनं गेला. नंबर बदलला, सेलमही सोडलं. पुढं आई, भामाबाई, गेली. निरोप धाडायला पत्ता नव्हता. मेंढरं होती तोवर सिद्धूच्या मागं निदान आवाज तरी असायचा. मग गुडघे गेले, मेंढरं विकली, आणि चूल एका माणसापुरती पेटायला लागली. लग्न त्यानं कधी केलंच नव्हतं.

"माणूस कितीबी लांब गेला तरी कवातरी गावाचं नाव टाकून बघतोच," सिद्धू म्हणाला. "त्यानं टाकलं तर त्याला गाव दिसाय पायजे. तुझे प्लॉट न्हाई."

सातवीत शाळा सोडलेला माणूस व्हिडिओ बघून बघून ब्लॉग करायला शिकला होता, तो एवढ्यासाठी.

मायानं त्याचं लिखाण उघडलं. ओढ्याला आलेलं पाणी, देवाची पालखी, माळावरचं जुनं जांभूळ, घोंगडी विणणाऱ्या हरणाबाईच्या हाताची गोष्ट. वाचता वाचता तिनं कपाळाला हात लावला.

"आवं दादा, ह्यात गावाचं नावच न्हाई की कुठं!"

खरंच नव्हतं. चिंचवाडीत राहणारा चिंचवाडी कधी म्हणतो? तो म्हणतो गाव. बिरोबाला बिरोबा म्हणत नाहीत, देव म्हणतात. माळ म्हटलं की कुठला ते सगळ्यांना ठाऊक असतं. जुन्या बायका जसं नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तशी आपल्या मातीचीही नावं कुणी घेत नाही. सिद्धूनं जीव ओतून लिहिलं होतं, पण ते जगातल्या कुठल्याही गावाचं असू शकलं असतं.

"गुगल काय तुमच्या भावकीतलं हाय व्हय, न सांगता वळखायला?" माया म्हणाली. "मथळ्यात गावाचं नाव घाला, तालुका, जिल्हा घाला. आन् खाली तुमचं नाव, फोटू टाका. लिवणारा कोण ते दिसलं की भरवसा बसतो, गुगलचाबी."

"बाकी सगळं करतो. नाव न्हाई." सिद्धू उठला. "माझं नाव बघून त्यो पान मिटून टाकंल."

त्यानं एकेक लेख पुन्हा लिहिला. बोटं जाड, अक्षरं बारीक. ‘चिंचवाडी, ता. कवठे महांकाळ, जि. सांगली’ असं परक्यासारखं लिहिताना त्याला अवघडल्यासारखं व्हायचं. फोटो लहान केले, म्हणजे पान पटकन उघडावं. तरी बरेच दिवस काही हललं नाही. मग एकदा मायानं त्याला दाखवलं की लोक काय शोधत ब्लॉगपर्यंत येतात तेही बघता येतं. ओढा कुणी शोधत नव्हतं. जांभूळ तर नाहीच. मूठभर माणसं आली होती आणि बहुतेकांनी एकच टाकलं होतं: चिंचवाडी यात्रा तारीख.

सिद्धू त्या ओळीकडं बघत राहिला. गलाईवाली पोरं देशभर पांगलेली. वर्षातून एकदा देवाच्या यात्रेला येतात, आणि रेल्वेचं तिकीट आधी काढावं लागतं. तारीख मात्र गावकी बसल्याशिवाय ठरत नाही, आणि गावकी बसते यात्रा तोंडावर आल्यावर.

तो उठला तो थेट पुजारी तात्याबाच्या ओसरीवर.

"तारीख आत्ता पायजे."

"देवाची मर्जी झाल्याबिगर कशी सांगू रं?"

"देवाची मर्जी रेल्वेला चालत न्हाई, तात्याबा! पोरं उभ्यानं प्रवास करत्यात. काहींना तर येताच येत न्हाई."

तात्याबा चिडला, ओरडला, मग पंचांग घेऊन बसला. गावकी लवकर बसली. सिद्धूनं यात्रेचं वेगळं पान केलं. तारीख अगदी वर, मग कुठल्या स्टेशनात उतरायचं, पुढं एसटी कुठली. गावच्या पोरांनी ते आपापल्या ग्रुपात फिरवलं. गलाईवाल्यांच्या एका वेबसाइटनं दुवा दिला. आणि एका सकाळी माया फोनवर ओरडली, "दादा, माझ्या कॉम्प्युटरवर पयला! प्लॉट गेले खाली!"

सिद्धूनं "बरं" म्हणून फोन ठेवला. हे सांगावं असं घरात कुणी नव्हतं. तो बाहेर जाऊन रिकाम्या मेंढवाड्याचं फाटक बांधून आला. आत मेंढरू नसताना.

यात्रेला कधी नव्हे एवढी माणसं आली. ढोल घुमले, भंडाऱ्यानं वाट पिवळी झाली. सिद्धू वेशीवरच्या कट्ट्यावर बसून प्रत्येक उतरणाऱ्याचं तोंड बघत होता. पालखी फिरली. गर्दी पांगली. तरी तो बसून होता. मग तात्याबा काठी टेकत आला आणि शेजारी बसला.

"किस्नात आला हुता."

सिद्धूनं रस्त्याकडं मान वळवली.

"पहाटं, गर्दीच्या आदी. बायकू हुती, ल्हान पोरगी हुती. पोरीच्या कपाळाला मीच भंडारा लावला. लगीच गेली."

"आन् मला आत्ता सांगतोस, म्हाताऱ्या?"

"त्यानं शपथ घातली हुती, मोटार लांब जाईस्तवर बोलू नका म्हणून." तात्याबानं काठी आडवी ठेवली. "तारीख मोबाईलवर घावली, म्हणाला. कोण लिवतंय त्याचं देव भलं करू, म्हणाला."

"मग सांगायचं न्हाईस कोण लिवतंय ते?"

"जिभंवर आलं हुतं. पर सांगितलं आन् फुडल्या साली त्यानं ते उघडलंच न्हाई तर?"

सिद्धू कट्ट्यावरून उतरला आणि घराकडं चालू लागला.

दुसऱ्या दिवशी तो मायाच्या दुकानात गेला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आता तरी नाव टाका, दादा."

सिद्धूनं यात्रेचं पान उघडलं. बोट नावाच्या रिकाम्या जागेवर नेलं. नाव टाकलं नाही. एसटीच्या माहितीखाली एक ओळ लिहिली आणि मोबाईल तिच्यापुढं धरला. ‘लांबून येणाऱ्यांच्या जेवणाची सोय देवळामागच्या माळावर, पहिल्या घरात. पहाटेपासून. बायकापोरांसह यावं.’

"आवं, ते तर तुमचंच घर. ह्ये वाचून फुडल्या साली सगळी यात्रा येईल की तुमच्या दारात!"

"येऊ दे," सिद्धू म्हणाला, आणि पान चढवलं.