थांबवलेली हळद

हळदीच्या खोलीत हळदीचा वास नाही, याची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटते. गार हवा, यंत्राची अखंड घरघर, मंद पांढरा उजेड आणि काचेच्या नळ्यांत बोटभर उंचीची निमूट हिरवी रोपं. यवतमाळच्या या प्रयोगशाळेत माझं काम त्यांची वाढ रोखण्याचं. अन्न बेतानं द्यायचं, उजेड कमी ठेवायचा, नळीचं तोंड घट्ट मिटायचं. मग शेतात एका हंगामात पिकून जाणारं रोप इथे दीर्घकाळ जागच्या जागी तग धरतं. जिवाला अर्धपोटी ठेवून जगवायचं, हे पुण्य म्हणावं की पाप?

यातली एक रांग माझ्या आत्याच्या हळदीची. फुलसावंगीच्या तिच्या वावरातली ही जुनी, गडद गाभ्याची हळद. एका पावसाळ्यात पाणी साचलं, कंदकूज शिरली आणि बेण्यासकट सारं सडून गेलं. त्याआधी मी सहज नेलेल्या कंदांची ही रोपं तेवढी उरली. तेव्हापासून रोज दार उघडलं, की मी आधी त्याच रांगेकडे जाते. मागच्या महिन्यात त्यातल्या बऱ्याच नळ्यांत पांढरी बुरशी धरली आणि मला त्या फेकाव्या लागल्या.

ते ऐकून आत्या बघायला आली. उरलेल्यांतली एक नळी तिनं उजेडाकडे धरली. तिचा हात कापत होता. मागच्या दिवाळीला तो कापत नव्हता. मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं, की ही अजून पुष्कळ दिवस अशीच राहतील. ती शांतपणे म्हणाली,

"पोरी, हयदीची वाढ तं तू थांबवली. माही कोन थांबवन?"

तिला ती हळद पुन्हा मातीत बघायची होती, एवढंच. उरलेल्या नळ्यांना हात लावू नये, हे मला कळत होतं. पण जतन करायचं ते कुणासाठी? ज्याची वस्तू त्याच्या डोळ्यांआड? मी एक नळी उघडली, मुळांवरचा नळीतल्या अन्नाचा चिकट थर धुतला, रोप कुंडीत लावलं आणि वर पिशवी झाकली. काचेत वाढलेल्या पानाला बाहेरचं ऊनवारं सोसत नाही, ही धास्ती होतीच. आत्या रोज फोन करून विचारते, आणि मी बरं आहे म्हणते.

आज सकाळी रोपानं मान टाकली आहे. मी कुंडी सावलीत सरकवली, पाणी शिंपडलं, पिशवी पुन्हा नीट केली. आत्याचा फोन वाजतो आहे. मी अजून उचललेला नाही.