चिंधीचा ससा

शिरपूरकडे माळावर तिकीट लावून ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती भरवतात. त्या बंद व्हाव्यात म्हणून आम्ही जळगावात पत्रकं वाटतो. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणारे लोक ती घेतात आणि त्यांच्यावरच पोहे खातात. एक म्हातारा मात्र कधी घ्यायचाच नाही.

तो रोज त्याच बाकावर बसलेला असायचा. पतंगाचा मांजा गुंडाळावा तसा त्याचा उजवा हात सारखा गोल फिरायचा. हातात काहीच नसायचं. पायाशी उंच पायांचं, पोट पाठीला लागलेलं कुत्रं. ते भुंकायचं नाही, शेपूट हलवायचं नाही. नुसतं त्या हाताकडे बघत राहायचं.

एकदा मी विचारलंच, "आबा, हात कशाला फिरवता?"

"शर्यतीत सायकलीच्या चाकावर दोरी मीच गुंडायचो. दोरीले पांढरी चिंधी बांधेल राहे, ते कुत्र्यांच्या पुढं पळे. कुत्र्याले वाटे, ससाच." त्याचा आवाज खाली आला. "एक दिवस यानं ती पकडली. फाडली, हुंगली, टाकून दिली. मग मान वर करून माह्याकडे पाह्यलं. तवापासून पाहूनच राह्यलं. हात थांबला का उठीन ते."

"हेच आमच्या सभेत सांगा ना," म्हणत मी पत्रक पुढे केलं.

ते घ्यायला त्यानं पहिल्यांदाच हात उचलला. फिरणं थांबलं.

कुत्रं उठलं. म्हाताऱ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. ते माझ्या हातातल्या पांढऱ्या कागदांकडे बघत होतं.

"भाऊ," म्हातारा ओठ न हलवता म्हणाला, "पळू नका."