विषय क्रमांक एकतीस: नाल्यावरचा पूल

महापालिकेत नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं की शहरातले पूल, रस्ते आणि गटारं इंजिनिअर बांधतात. पुढे कळलं की ती आधी कागदावरून नगरसेवकांच्या समितीपर्यंत चालत जातात आणि त्यातली बरीचशी तिथेच दमतात. मीही दमले. निवृत्तीला आता थोडे महिने उरलेत. एवढ्या वर्षांत काय केलंस असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर एकच आहे, प्रस्ताव लिहिले. अमुक ठिकाणी अमुक काम करणे आवश्यक आहे, अमुक कंत्राटदाराची निविदा सर्वांत कमी आहे, सबब मंजुरी मिळावी. हे ‘सबब’ अंगात इतकं भिनलं की एकदा वाण्याच्या चिठ्ठीत ‘सबब अर्धा किलो तूरडाळ’ लिहून बसले. घरात चार दिवस हसत होते. मला फारसं हसू आलं नव्हतं.

माझं ऑफिस अंधेरी पश्चिमेला. आमच्या हद्दीत खाडीच्या अंगाला एक कोळीवाडा आहे, आणि कोळीवाडा आणि बाजार यांच्या मधून नाला जातो. नाल्यावर पायी जाण्यापुरता जुना पूल होता. तपासणीत तो धोकादायक ठरला. खालचं लोखंड इतकं गंजलेलं की नखाने पापुद्रे सुटत होते. पाडायच्या कागदावर माझी सही आहे आणि तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. पाडायला समिती लागत नाही. धोकादायक म्हटलं की झालं, दोन दिवसांत पूल गेला. नवा बांधायचा तर मात्र अंदाजपत्रक, निविदा, प्रस्ताव आणि मग समितीची मंजुरी.

पूल पाडल्यावर आठवड्याभरात एक कोळीण ऑफिसात आली. पन्नाशीची, ठेंगणी, डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला. शिपायाने अडवलं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, थेट माझ्या टेबलापाशी आली.

“पूल तूच तोडलास ना?”

“धोकादायक होता, मावशी.”

“होता तर होता. बांधणार कवा ते सांग.”

मी म्हटलं, पाच-सहा महिने लागतील. तिने खुर्ची ओढली आणि बसली. मग तिने मला जे सांगितलं, ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

“बाजारातली जागा माज्या सासूची. तिच्यामागून मी बसते. त्याला कागद कसला नाय. रोज बसते म्हणून माजी. चार दिवस नाय बसली तर शेजारीण पाटी सरकवते. म्हैनाभर नाय बसली तर जागा तिची. भांडायची सोय नाय, आमीपन दुसऱ्यांचं तेच केलंय.”

पूल नसताना बाजारात जायचं तर मोठ्या रस्त्याने, मेट्रोच्या कामाभोवतीच्या पत्र्यांच्या कडेकडेने लांबचा वळसा होता. टोपली बघून रिक्षावाले थांबत नाहीत, वास राहतो म्हणतात. तिचा गुडघा तेवढं चालणारा नव्हता. पोचेपर्यंत बर्फ विरघळायचा आणि रोजची गिऱ्हाइकं पुढच्या बाईकडे वळायची. “सा म्हैने मी कशी पन काढीन,” ती म्हणाली. “त्याच्या म्होरं नाय जमायचं.”

मी तो प्रस्ताव माझ्या आयुष्यातल्या कुठल्याही प्रस्तावापेक्षा लवकर तयार केला. फायली मी स्वतः हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या. लोक विचारायचे, काय गं, माहेरचा पूल आहे का? चार महिन्यांत निविदा उघडून, तपासून प्रस्ताव समितीकडे जायला तयार झाला. त्या चार महिन्यांत ती दर पंधरा दिवसांनी यायची, पट्टा बांधलेला पाय पुढे पसरून बसायची, एवढंच विचारायची, “कुठवर आला?” आणि मी आनंदाने सांगायचे, या साहेबांकडून त्या साहेबांकडे गेला. मला त्या कामाचा अभिमान वाटत होता. इतकी वर्षं नोकरी करून अभिमान वाटावा हेच मोठं होतं.

आता इथे आमच्या खात्यातली एक रीत सांगायला हवी. समितीपुढे एका बैठकीत पाचपन्नास विषय असतात. अध्यक्ष एकेक घेत बसत नाहीत, दोन-चार विषयांचा गट करून पुकारतात. “क्रमांक अमुक ते अमुक?” की सगळे म्हणतात, “मंजूर.” आम्हा इंजिनिअर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज असा की लहान विषय एकटा पाठवू नये. मोठ्या कामांबद्दल सदस्यांचं आधीच ठरलेलं असतं. लहान काम एकटं दिसलं की ज्याला त्याला बोलायला सुचतं. हा पूल कोणाच्या सांगण्यावरून, आमच्या वॉर्डात का नाही, रुंदी एवढीच का. म्हणून लहान विषय दोन मोठ्या विषयांच्या मध्ये सरकवायचा, म्हणजे त्यांच्या गर्दीत तोही निघून जातो. मला हे माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं आणि मी ते पुढच्या चार-पाच जणांना शिकवलं.

विषयपत्रिका लावणारा लिपिक ओळखीचा होता. त्याने फोन करून विचारलं, “मॅडम, तुमचा पूल सुटा ठेवू की गटात?”

मी क्षणभरही विचार केला नाही. “गटात टाक. दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये.”

“झकास,” तो म्हणाला.

पूल झाला विषय क्रमांक एकतीस. तीस आणि बत्तीस ही सिमेंटच्या रस्त्यांची भली मोठी कामं.

बैठकीला आम्ही मागच्या रांगेत फायली मांडीवर घेऊन बसतो. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं, एरवी गप्प. तोंड उघडायचा अधिकार नाही. पहिले विषय भराभरा निघाले. चहा फिरला. मग अध्यक्षांनी पुकारलं, “तीस ते बत्तीस?” आणि एक सदस्य उभे राहिले. तिसाव्या क्रमांकाच्या कंत्राटदाराने त्यांच्या वॉर्डातला रस्ता खणून तसाच सोडला होता. दुसरे सदस्य त्याची बाजू घेऊन उभे राहिले. कंत्राटदार राहिला बाजूला, कोणी कोणाला उद्घाटनाला बोलावलं नाही यावर गाडी गेली. आवाज चढले. अध्यक्षांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, मग कपाळाला हात लावून म्हणाले, “तीस ते बत्तीस राखून ठेवा. पुढचा घ्या.”

मी अर्धी उठले होते. एकतीसचा त्या भांडणाशी काही संबंध नाही, एवढी चिठ्ठी पुढे पाठवता आली असती. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने हात धरला. “बस गं. पुढच्या बैठकीत होईल.” मी बसले.

पुढचा विषय क्रमांक तेहतीस. तो सुटा होता. कुठल्याशा उद्यानाची पडकी भिंत. अध्यक्षांनी पुकारलं, “तेहतीस?” कोणी मान वर केली नाही. कोणाला काही सुचलं नाही. “मंजूर.” माझ्या पुलाच्या निम्म्याही कामाचा तो विषय नव्हता, आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत तो पार पडला.

पुढची बैठक गोंधळात उठली. त्याच्या पुढच्या बैठकीआधी समितीची मुदतच संपली. निवडणूक लागेना, प्रशासक आले, आणि राखून ठेवलेले सगळे विषय गठ्ठ्याने खात्यांकडे परत आले, नव्याने सादर करा म्हणून. तोवर निविदेची मुदत संपलेली, दरसूची बदललेली, म्हणून अंदाजपत्रक पुन्हा, निविदा पुन्हा, त्याच सह्या पुन्हा. सही करणाऱ्यांतले दोघं बदलून गेले होते, नव्यांना पहिल्यापासून सांगा. या वेळी फायली हातात घेऊन पळायचं मला झालं नाही. माझी वाट लागली होती, दुसरा शब्द नाही.

ती येत राहिली. मी सांगत राहिले, तांत्रिक कारणाने थांबलंय. तांत्रिक कारण या दोन शब्दांवर माणूस पुढे काही विचारू शकत नाही, म्हणून ते मला फार सोयीचे पडले. सातव्या महिन्यात ती आली तेव्हा खुर्चीवर बसली नाही. उभ्या उभ्या विचारलं, ऐकलं, मान हलवली आणि गेली. त्यानंतर आली नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटण्याची लाज अजून गेलेली नाही.

पूल झाला, पण त्याला तीन पावसाळे जावे लागले. चांगला झाला आहे, रुंद, दोन्ही बाजूंना उतरण, टोपली घेऊन सहज जाता येईल असा. शेवटच्या पाहणीसाठी मी गेले, पुलावरून पलीकडे उतरले आणि पहिल्याच गल्लीत ती दिसली. घराच्या ओट्यावर बसून दुसऱ्या कोणाची तरी कोळंबी सोलत होती. टोपलीमागे ठरलेली मजुरी मिळते म्हणाली. जागेचं मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं.

“शेजारीण बसते तिथं. चांगली बाई हाय. मना इचारून बसली.”

तिने मला पाटावर बसवलं, चहा सांगितला. आणि मग शेजारच्या ओट्यावरच्या बायकांना म्हणाली, “हीच ती मॅडम. हिनं लय धावपळ केली पुलासाठी.” बायका माझ्याकडे बघून हसल्या.

मला ते ऐकवेना. मी तिला सगळं सांगितलं. रीत सांगितली, गट सांगितला, लिपिकाचा फोन, रस्त्यांचं भांडण, उद्यानाची भिंत. दोनदा सांगावं लागलं. ती सोलता सोलता ऐकत होती. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर तिचे हात थांबले.

“म्हंजे तू तो सुटा ठेवला असतास तर त्याच दिवशी झाला असता?”

“हो.”

“त्यानं तुला इचारलं होतं?”

“हो. विचारलं होतं.”

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. खरंच कळून घ्यायचं आहे असं बघत होती.

“मग का नाय ठेवलास?”

इतकी वर्षं समितीपुढे कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असायचं. फायलीत शोधून पाच मिनिटांत सापडायचं. तिच्या ओट्यावर मला एकच सापडलं.

“आम्ही सगळे तसंच करतो,” मी म्हणाले.

तिने पुढची कोळंबी उचलली.