दात घासा, सहा चाळीस

बढतीच्या दिवशी बँकेने बायकोला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि चंद्रपूर दिलं. समारंभात एका वरिष्ठ साहेबांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं. त्यात स्त्रीशक्ती चार वेळा आली आणि दोन मुलांचं घर एकदाही आलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. नारळाची चटणी झाली, शाल कपाटात गेली आणि बायको चंद्रपूरला गेली.

पनवेलहून चंद्रपूर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा यायचं असं ठरलं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा. मी घरीच असतो. जमिनीच्या जुन्या दस्तांची वकिलांसाठी इंग्रजीत भाषांतरं करतो. या भागात त्या कामाला तोटा नाही. ज्यांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत त्यांचे सातबारे, वाटणीपत्रं, खरेदीखतं माझ्या टेबलावरून जातात. त्यामुळे मुलं सांभाळणारा माणूस घरात आयताच होता. सगळ्यांनी मला तसं सांगितलंही, अभिनंदन केल्यासारखं.

दुसऱ्या महिन्यात ती एका शनिवारी दुपारी आली. मुलगा माझ्या पायामागे उभा राहिला. तिने हात पुढे केले तसा तो आणखी मागे सरला आणि मला हळूच विचारलं, "ह्या कधी जाणार?"

ती हसली. मग अंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नुसतं पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन ते यंत्र घेऊन आली. पाटीएवढा पडदा, वर कॅमेरा, मागे बोलायची सोय. खोक्यावर लिहिलं होतं की हा तुमच्या कुटुंबाचा नवा सदस्य आहे. आमचा एक सदस्य कमी पडत होता हे कंपनीला कसं कळलं, कोण जाणे. स्वयंपाकघरात मोकळा प्लग एकच होता, म्हणून यंत्र फ्रीजवर बसलं. तिने आपल्या फोनवरून त्यात काय काय भरलं आणि मला म्हणाली, "मी तिकडे बसून यात लिहीन, ते इथे बोलेल. उठा, दात घासा, दूध प्या. त्याला माझी सवय राहिली पाहिजे. बाकी मला काही नको."

"आवाज तर तुझा नाही," मी म्हणालो.

"शब्द माझे आहेत ना?"

यावर भाषांतर करणाऱ्या माणसाने काय बोलायचं?

आवाज होता एका हिंदी बाईचा. तिला 'ळ' जमत नसे आणि कुठलंही वाक्य ती विमानतळावरच्या घोषणेसारखं म्हणे. सहा तीसला उठा. सहा चाळीसला दात घासा. सहा पन्नासला दूध. सात दहाला बूट, आधी डावा. साडेसातच्या स्कूलबसपर्यंत आमच्या घरात एक छोटं रेल्वे स्टेशन चालायचं. मुलं ऐकायची. मी तीनदा ओरडून जे होत नसे ते तिच्या एका सपाट वाक्याने व्हायचं. मला अपमान वाटला, पण सोयही वाटली. सोयीसाठी माणूस अपमान गिळतोच.

पहिल्या आठवड्यात सात सूचना होत्या. गणपतीपर्यंत सव्वीस झाल्या. चंद्रपूरला तिला संध्याकाळी काही काम नसे. बँकेने दिलेल्या खोलीत ती, एक गॅस आणि फोन. दर सूचना म्हणजे तिचं घरात एकदा डोकावणं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती डोकावायची ते माझ्या डोक्यावरून. एक चाळीसला: डब्यातली भाजी आधी खा. चारला: खेळायला जाताना टोपी. सव्वापाचला: बाबांनी चहाचा दुसरा कप घेऊ नये. या शेवटच्या सूचनेवर मुलं खुर्चीवर उभी राहून ओरडायची. मुलीने तर पहारा बसवला. कप उचलला की फ्रीजकडे बोट.

दस्तांमध्ये मिळकतीची चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा. मी एकदा माझी लिहून पाहिली. पूर्वेस मुलांची खोली, पश्चिमेस ओटा, दक्षिणेस वॉशिंग मशीन, उत्तरेस यंत्र. येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, वहिवाटीसह, झाडाझुडपांसह, माझ्यासह. दुपारी आडवा होऊन वाचायला घेतलेलं पुस्तक तीन महिने एकाच पानावर होतं. पान उलटायला गेलो की काहीतरी वाजे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पनवेलजवळच्या कोन गावाच्या पलीकडच्या. त्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात, माझ्याकडे एकही नाही. त्या काम करतात कारण घरी बसलं की सुनेशी भांडण होतं. यंत्राला त्यांनी पहिल्या दिवसापासून नाव ठेवलं नाही, नातं दिलं. यंत्र बोललं की त्या मुलांना म्हणायच्या, "उठा रं, वहिनी बोलल्या." फ्रीज पुसताना त्यावरचं फडकं हळू फिरवायच्या.

"मावशी, ते यंत्र आहे," मी एकदा म्हणालो.

"हाय ना. मी कुठं नाय बोलते? पन बोलतंय कोन?"

गणपतीत बायको पाच दिवस आली. मुलगा आता लपत नव्हता. तिच्या मांडीवर बसत होता, तिला गोष्टी सांगत होता. एका सकाळी तिने दुधाचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "दूध पी."

"अजून सांगितलं नाही," तो म्हणाला आणि फ्रीजकडे पाहू लागला.

"अरे, मी सांगतेय ना."

"हो. पण अजून सांगितलं नाही."

मी दस्त खाली ठेवला. तिने फोन उचलला, अंगठ्याने काही लिहिलं आणि फ्रीजवरून हिंदी बाई म्हणाली, "बाल, दूध पी." मुलाने पेला तोंडाला लावला. ती त्याच्या शेजारीच, हातभर अंतरावर, फोन हातात धरून बसली होती. त्या वेळी मला वाटलं की हे बंद केलं पाहिजे. कुणासाठी, तिच्यासाठी की माझ्यासाठी, याचा तपास मी फार खोल केला नाही.

संधी मिळाली ती दसऱ्याला. दसरा आठवड्याच्या मधोमध आला होता, आदल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्या शाखेत तपासणी होती. यायला जमणार नव्हतं. आमच्या घरात शस्त्रपूजा आणि सरस्वतीपूजन दसऱ्यालाच एकत्र होतं आणि नियम कडक असतो. पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम तिचाच. आदल्या वर्षी माझा लॅपटॉप तिने झेंडूखाली घातला होता आणि एका वकिलाने मला फोनवर नाही नाही ते ऐकवलं होतं.

सकाळी मी पाट मांडला. पाटीवर सरस्वती काढली. मुलांनी दप्तरं आणली. सगळीच्या सगळी पुस्तकं, एकही बाहेर राहू नये म्हणून मुलीने कपाटामागची पण शोधली. कारण पुस्तक पूजेत म्हणजे अभ्यासाला सुटी. तिथे कात्री आली, स्क्रू ड्रायव्हर आला, सुरी आली, माझा लॅपटॉप आला. मग मी स्टूल घेतलं, त्यावर चढलो, प्लग काढला आणि यंत्र खाली आणलं. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. वर, न्याय सर्वांना सारखा असावा म्हणून, माझा फोनही बंद करून ठेवला. इतकं धार्मिक मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"आई आज बोलणार नाही?" मुलाने विचारलं.

"आई आज पूजेत आहे," मी म्हणालो.

भांडी घासता घासता मावशी आतून ओरडल्या, "दादा, जिभेला काय हाड हाय का नाय तुमच्या? सणाच्या दिवशी असं बोलतात?" मग हात पुसून बाहेर आल्या, पाटावरच्या यंत्राला नमस्कार केला नाही आणि आपल्या घरच्या सणाला निघून गेल्या.

तो दिवस मी लख्ख आठवतो. दहा वाजेपर्यंत पायजम्यात होतो. चहाचे तीन कप घेतले. पुस्तकाची अठरा पानं वाचली. वरून विमान गेलं तेवढाच आवाज. मुलगी तोरण ओवत होती. मुलगा मात्र घरात फिरत होता. खोलीतून पाटापर्यंत, पाटापासून फ्रीजपर्यंत, फ्रीजवरच्या रिकाम्या जागेकडे मान वर करून. दुपारी आपट्याची पानं आणली तेव्हा त्याने एक पान नेऊन काळ्या पडद्यावर ठेवलं.

"पूजेला हात लावायचा नाही," मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणालो.

पाच वाजून गेले असतील. बेल वाजली. दारात मावशी, नवी साडी, नाकात नथ, आणि मागे जिन्यात गाडीची किल्ली फिरवत त्यांचा मुलगा. सणाच्या दिवशी त्या कोनपलीकडून परत आल्या होत्या.

"दादा, फोन कुठं हाय तुमचा?"

"पूजेत."

"आन् वहिनी?"

"चंद्रपूरला."

"त्या नाय. ह्या." त्यांनी फ्रीजकडे बोट केलं आणि मग पाटाकडे बघितलं. "सकाळधरून फोन लावतात त्या. तुमचा बंद, ह्यो बंद. शेवटी मना केला. घरात काय झालंय का, पोरं बरी हायत ना, इचारतात आन् रडतात. मी बोलले, काय झालं नाय, सकाळी मीच हुते थितं. तरी बोलल्या, मावशी, तू जाऊन बघ."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. "मावशी, शास्त्र आहे. पूजेतली वस्तू उद्यापर्यंत..."

"शास्त्र र्‍हाऊ द्या. जितं मानूस पूजेत ठेवतात काय?"

जिन्यात त्यांच्या मुलाने किल्ली फिरवायची थांबवली. माझी मुलगी तोरण हातात धरून माझ्याकडे बघत होती. अगदी तिच्या आईसारखी.

शास्त्रात वाट असतेच. मी पाटावर अक्षता टाकल्या, यंत्र बोटभर उत्तरेला सरकवलं, म्हणजे उत्तरपूजा झाली. पडद्यावरचं आपट्याचं पान खाली पडलं, ते मुलाने उचललं. मी पुन्हा स्टुलावर चढलो. प्लग लावला. यंत्राला शुद्धीवर यायला दोन मिनिटं लागतात. ती मी स्टुलावरच उभा राहून काढली. पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट तसंच होतं. फोन सुरू केला तर तो कितीतरी वेळ थरथरत राहिला. मिस्ड कॉल मी मोजले नाहीत.

मग पडद्यावर ती आली. नवी साडी नेसली होती. सकाळीच नेसली असावी, पदराची इस्त्री मोडली होती. मागे खोलीची भिंत, खिळ्याला लावलेलं एक छोटं तोरण. पाच वाजता पडद्यावर येऊन मुलांकडून सोनं घ्यायचं, असं तिने ठरवलं होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण ते त्यांच्यासाठी होतं.

मावशींनी पदर तोंडाला लावला. मुलगा पान हातात धरून फ्रीजसमोर उभा राहिला आणि रागाने म्हणाला, "तू बोललीच नाहीस आज. मी दात घासलेच नाहीत."

"सकाळपासून?"

"दूध पण नाही. मी थांबलो होतो."

मी माझ्या अठरा पानांकडे पाहिलं. दिवसभरात ते पोर दूध प्यायलं नव्हतं हे मला माहीत नव्हतं.

"मग आत्ता घास," ती म्हणाली. "मी बघते."

तो ब्रश घेऊन आला आणि फ्रीजसमोर मान वर करून दात घासू लागला. फेस फरशीवर, झेंडूवर, सरस्वतीच्या पाटीच्या कडेला. ती बघत होती आणि म्हणत होती, मागचे, मागचे, अजून मागचे. संध्याकाळी साडेपाचला. मावशी फडकं आणायला आत गेल्या.

नंतर तिने मला पडद्यासमोर बोलावलं. "तू काही बोलशील?"

"हत्यारांची पूजा होती," मी म्हणालो.

"मी हत्यार आहे?"

मी तिला सोनं दिलं. म्हणजे पान पडद्याला टेकवलं. तिने तिकडून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पंचवीसला, मुलं उठायच्या आधी पाच मिनिटं, फ्रीजवरून हिंदी बाई म्हणाली, "बाबा, प्लग काढू नये." मी ओट्याशी उभा होतो. फोनवर जाऊन पाहिलं. तिथे लिहिलं होतं, रोज. शेवटची तारीख या रकान्यात काही नव्हतं.

तिचा बदलीचा विनंती अर्ज अजून वरिष्ठांच्या विचाराधीन आहे. सूचना एकतीस झाल्या आहेत. ही सूचना मी काढून टाकू शकतो, पासवर्ड मलाही माहीत आहे. सहा पंचवीसला मी चहा ठेवत असतो. ती म्हणते आणि मी गॅस बारीक करून "हो" म्हणतो. ते तिकडे ऐकू जातं की नाही, मी विचारलेलं नाही.