दोन गतिरोधकांच्या मधली माझी गाडी

फोरमवरच्या मंडळींनो, आधी हसून घ्या.

माझ्या लाल टू-सीटरला आज नव्या, आखूड स्प्रिंगा बसवल्या. सातपूरचा मेकॅनिक सकाळीच घरी आला आणि दुपारपर्यंत गाडी चांगली दोन इंच खाली बसली. मग मी स्वतः पॉलिश मारलं. दारात नुसती झळकत होती.

चार वाजता सिन्नरला निघायचं होतं, मेहुणीच्या साखरपुड्याला. बायको शालू नेसून शेजारी बसली. कॉलनीच्या गतिरोधकावर चढलो आणि खालून खर्रर्र! मागे घेतली, वळवली, दुसऱ्या टोकाला गेलो. तिथेही गतिरोधक, तोच आवाज. आमचं घर बरोबर मधे आणि तिसरा रस्ताच नाही.

"एवढे उंच बांधले कोणी?" बायको वैतागली.

फाटकात उभे असलेले शेजारचे काका म्हणाले, "यांनीच बांधून घेतले, वहिनी. पोरं गाड्या पळवतात म्हणून अर्ज केला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. वीतभर उंच हवेत, हा हट्टही यांचाच."

बायको गाडीतून उतरली. नाक्यावर सिन्नरच्या जीपमध्ये एकच जागा होती, ती तिने घेतली.

मी घरी बसून गतिरोधक काढायचा अर्ज लिहितोय. सह्या त्याच पोरांच्या बापांकडे मागायच्यात. तुम्ही काय केलं असतं? स्प्रिंगा काढल्या असत्या, की त्यांच्या दारात नाक घासलं असतं?